काचेतल्या बारा राशी आणि आपला मृग

वाचकहो, मुंबईला जाणे झाले तर ओव्हल मैदानाच्या कडेला असलेल्या विद्यापीठाच्या जुन्या आवाराकडे एक फेरी टाका. राजाबाईचा उंच मनोरा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या शेजारी पदवीदानाचे सभागृह आहे, सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे. ते १८६९ ते १८७४ या काळात बांधले गेले. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराचा. मौज अशी की या गृहस्थाने हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नाही. नकाशे विलायतेत काढले आणि भिंती उभ्या राहिल्या मुंबईत! या सभागृहाला सुमारे २० फूट व्यासाची एक गोल खिडकी आहे आणि तिच्यात रंगीत काचेच्या बारा राशी बसवल्या आहेत. मेष, वृषभ, मिथुन अशा थेट मीनेपर्यंत.

मी ती पहिल्यांदा बाहेरून पाहिली तेव्हा माझा अगदी विरस झाला. दुपारची वेळ, लख्ख ऊन, आणि खिडकी आपली काळपट, मळकट. दगडी जाळीत कोळशाचे तुकडे भरावेत तशी. पुढे एकदा आत जायला मिळाले. तेच ऊन आता काचेच्या पलीकडे होते. मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. रंगीत काचेची सगळी गंमत यातच आहे. ती बाहेरून बघायची वस्तूच नव्हे.

आपल्या जिल्ह्याशी हिचा संबंध काय, असे कुणी विचारील. थोडा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या काळी जो पैसा खेळत होता तो पुष्कळसा कापसाचा. कावसजींनी सभागृहासाठी लाख रुपये दिले ते १८६३ साली. शेजारच्या मनोऱ्यासाठी आणि ग्रंथालयासाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद तर कापसाचे मोठे व्यापारीच. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात होते. तेव्हा त्या आवाराच्या दगडांना आपल्या काळ्या मातीचा थोडासा वास आहे, असे मी म्हटले तर कुणी रागावू नये.

आता ही काच करतात कशी? वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवला की साधी काच होते. तिच्यात धातूची चिमूट पडली की रंग येतो. कोबाल्टने गर्द निळा, लोखंडाने हिरवट, मँगेनीजने जांभळा, तांब्याने किंवा सोन्याने लाल. लाल रंग इतका दाट असतो की पूर्ण जाडीची लाल काच केली तर ती काळीच दिसेल. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवतात. पिवळ्याची तऱ्हा आणखी निराळी. चांदीचा क्षार काचेवर लेपून ती भाजली की तो रंग काचेच्या अंगात मुरतो. मग चित्राच्या आकाराप्रमाणे तुकडे कापायचे, डोळे, केस, कपड्याच्या चुण्या गडद रंगाने रेखून पुन्हा भाजायचे, आणि दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांना डाख द्यायचा. शिसे मऊ असते. शंभरेक वर्षांत ते थकते, वाकते, मग कारागिराला सगळी खिडकी उकलून पुन्हा बांधावी लागते.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. काच उजेडाला रंग देत नाही. उन्हात सगळे रंग आधीच असतात. लाल काच त्यातला लाल तेवढा सोडते, बाकीचे अडवते. पटत नसेल तर घरातल्या फुटक्या बांगड्यांचे आरपार दिसणारे दोन तुकडे घ्या, एक लाल आणि एक हिरवा. बॅटरीच्या उजेडापुढे एकावर एक धरा. लालने हिरवा अडवला, हिरव्याने लाल अडवला, जवळजवळ अंधार! (सूर्याकडे मात्र असे बघू नका, आणि मुलांना बघू देऊ नका.)

आकाशाचे पुष्कळसे ज्ञान माणसाने याच युक्तीने मिळवले. जर्मनीतल्या बव्हेरियाचा फ्राउनहोफर हा मुळात काच बनवणारा कारागीर. १८१४ साली त्याने आपल्या उत्तम काचेच्या लोलकातून सूर्याचे ऊन पाहिले, तर रंगांच्या पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेघा! १८५९ साली किर्खॉफने त्यांचा उलगडा केला. सूर्याच्या बाहेरच्या थरातले वायू ठरावीक रंग अडवतात, आणि कोणता रंग अडला यावरून तो वायू कोणता ते कळते. म्हणजे सूर्याच्या अंगावर वायूची एक रंगीत काचच आहे म्हणा ना.

हे सगळे मी एकदा देवळीकडच्या एका गावात सांगत होतो. एका विद्यार्थ्याचे वडील ओसरीवर बसून ऐकत होते. माझे संपल्यावर ते म्हणाले, ‘सर, बारा राशी समजल्या. पण त्याच्यात आपला मिरग कुठी हाये?’

मी म्हटले, ‘भाऊ, वृषभाच्या काचेच्या शेवटच्या भागात.’ कसे ते सांगतो. वर्षभरात सूर्य ताऱ्यांमधून ज्या वाटेने फिरताना दिसतो ती वाट एकच. तिचे बारा भाग केले तर राशी, सत्तावीस केले तर नक्षत्रे. म्हणून एका राशीत सव्वादोन नक्षत्रे बसतात. मृगाचा पहिला अर्धा भाग वृषभेत आणि दुसरा मिथुनेत. ७-८ जूनला मृग लागतो तेव्हा सूर्य वृषभेत असतो आणि १५ जूनच्या सुमारास मिथुनेत शिरतो. मात्र इंग्रजी पद्धतीचे भविष्य छापणारे वर्तमानपत्र ८ जूनला जन्मलेल्या मुलाला सूर्यरास मिथुन सांगते! खोटे कुणीच बोलत नाही. ते लोक वसंतसंपातापासून मोजतात, आपले पंचांग ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू झोकांडी खात असल्यामुळे या दोन मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. दर ७२ वर्षांनी त्यात एक अंश वाढतो.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हंजे मिरगही सरकते?’ सरकतो. ऋतू सूर्याच्या उत्तरेकडे-दक्षिणेकडे जाण्यावर चालतात, मृगाची तारीख ताऱ्यांवर. शिवकाळात मृग आजच्यापेक्षा सुमारे पाच दिवस आधी लागत होता. त्या वर्षी मृग लागला म्हणून भाऊंनी कोरड्यात सरकी टोबली होती. पाऊस लांबला आणि बियाणे गेले. सूर्य मृगात शिरला तो अगदी घड्याळाबरहुकूम. मोसमी वाऱ्याने मात्र तसा काही शब्द दिलेला नव्हता. जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावर पेरावे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांचा राग निराळाच होता. ‘एवढं काचीत मांडलं, अन् आमाले कोणी सांगतलं नाही,’ असे ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या रविवारी त्या शाळेतल्या गुरुजींनी आणि मी मुलांकडून जाड पुठ्ठ्याचे एक चक्र करून घेतले. बाहेरच्या कड्यात बारा खिडक्या कापून त्यांवर रंगीत जिलेटिनचा कागद डकवला, आतल्या कड्यात सत्तावीस नक्षत्रे लिहिली. चक्र पूर्वेच्या खिडकीत टांगले. आपल्या शाळेत करायचे तर गुरुजी, आधी आतले सत्तावीस भाग आखा. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा येतो, आणि साध्या कोनमापकावर तो आखताना मुलांची चांगलीच झटापट होते. मग मे महिन्यात रात्री दहा-अकराला मुलांना अंगणात घेऊन या आणि आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकणारा खरा विंचू दाखवा. त्याच्या छातीतला लालसर तारा म्हणजे ज्येष्ठा. चक्रावर वृश्चिकाच्या खिडकीला कोणता कागद लावायचा हे आमच्या मुलांनी तो तारा पाहून ठरवले.

चक्र अजून तिथे आहे. जिलेटिन उन्हाने विटले आहे. वृषभाच्या खिडकीखाली कुणीतरी कोळशाने ‘मिरग’ असे लिहून ठेवले आहे. अक्षर मुलाचे नाही.