माणसे वाढली, वावर तेवढेच

"चोच दिली त्याने चारा दिला," असे आपली वडीलधारी माणसे म्हणत. दुसरे कोणी म्हणतात, "खाणारी तोंडे वाढली, म्हणून गरिबी आली." यात खरे कोणाचे? आम्ही म्हणतो, दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. कसे ते पाहू.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचाच हिशेब घ्या. १९०१ साली या भागात सुमारे ६ लाख माणसे होती. १९६१ साली ती साडेदहा लाख झाली. २०११ च्या शिरगणतीत २५ लाख ८६ हजार भरली. म्हणजे एकशे दहा वर्षांत एका माणसाच्या जागी चार झाली. जमीन मात्र वाढली नाही. डोंगर, जंगल, नदीनाले सगळे धरून जिल्ह्याची जमीन सुमारे २४ लाख एकर. ती सर्वांना सारखी वाटली असती, तर १९०१ साली माणशी जवळजवळ ४ एकर आली असती. २०११ साली पुरता एक एकरही येत नाही.

माणसे एवढी का वाढली? पूर्वीपेक्षा जास्त मुले जन्मू लागली म्हणून नव्हे. जन्मलेली मुले जगू लागली म्हणून. पूर्वी एका घरात सात-आठ बाळंतपणे होत, पण हाती दोन-तीन मुले लागत. पटकी, प्लेग, देवी अशा साथी येत. वऱ्हाडाने १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ सोसला. १९१८ साली तापाची साथ आली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. पुढे लस आली, औषधे आली, दवाखाने आले. १९७७ साली आपला देश देवीच्या रोगातून मोकळा झाल्याचे जाहीर झाले. आयांच्या मांडीवरची लेकरे वाचली. तेव्हा लोकसंख्या वाढली, ही मुळात आनंदाचीच गोष्ट की नाही?

आता फायदे पाहू. एका तोंडाबरोबर दोन हात येतात. निंदण असो, कापसाची वेचणी असो, हात लागतातच. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळेना म्हणजे काय होते, ते कास्तकाराला विचारा. गाव मोठे झाले की शाळा वाढते, एसटी येते, दुकान चालते. आणि हातांबरोबर डोकीही येतात. कोणी डॉक्टर होतो, कोणी मोटार दुरुस्त करतो.

तोटे कोणते? समजा, एका आजोबांचे १६ एकर वावर होते. त्यांना चार मुलगे. प्रत्येकाला ४ एकर आले. त्या प्रत्येकाला दोन मुलगे. आता नातवाच्या वाट्याला २ एकर. मध्ये धुरे पडले, त्यातही जमीन गेली. विहीर एकाच्याच तुकड्यात. मग पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत तंटा. दोन एकरांत घर चालेना, म्हणून पोरगा पुण्या-मुंबईकडे निघाला. गावात पिण्याचे पाणी उन्हाळ्यात पुरत नाही. शाळेच्या एका वर्गात मुले दाटीने बसतात.

पण सगळा दोष तोंडांवर टाकू नका. पाऊस दगा देतो, पिकाला भाव मिळत नाही. त्याला घरातली लेकरे काय करतील?

आता नवी गोष्ट ऐका. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत दर बाईमागे सरासरी दोनांहूनही कमी मुले आढळली. मुले जगतात याची खात्री पटली, बाया शिकल्या, तसा लोकांनी आपणहून पाळणा लांबवला. म्हणजे पुढे म्हातारी माणसे जास्त आणि कमावते हात कमी, अशीही वेळ येईल. तिची तयारी आतापासून हवी.

एक काळजी मात्र मोठी आहे. कुटुंब लहान हवे, पण मुलगा हवाच, असे काही लोक म्हणतात. त्याचे फळ पाहा. २०११ साली आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे मुली फक्त ८५५ होत्या. २००१ साली त्या ९०८ होत्या. गर्भ मुलीचा की मुलाचा, हे पाहून सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि हा सिंदखेडराजाचा जिल्हा, जिजाऊंचे माहेर! मुलगी नको म्हणणे आपल्याला शोभते का?

तेव्हा माणूस हे ओझे नव्हे. उपाशी, अडाणी, बेकार ठेवलेला माणूस ओझे होतो. पोटभर खाल्लेला, शिकलेला माणूस घराची दौलत होतो. मुले किती हवीत, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावे. बाईच्या जिवाचा विचार आधी करावा. दोन बाळंतपणांत अंतर ठेवावे. त्याची साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि जे लेकरू घरात येईल, ते मुलगा असो की मुलगी, त्याला शाळेत घालावे.

आज रात्री घरात बसून हिशेब करा. आजोबांच्या वेळी वावर किती होते? आज किती आहे? खाणारे किती? शिकलेले किती? लिहिता येते आता तुम्हाला. मग तो हिशेब कागदावर मांडा.