कुंडलीचे पुस्तक निवडताना

भाकिताचे पुस्तक विकत घेण्याआधी त्यातले गणित चाळावे. उदाहरणार्थ, माथेरानचे रेखांश सुमारे 73° 16′ पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ 82° 30′ रेखांशाची. अंशाला चार मिनिटे धरली, तर माथेरानची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे 37 मिनिटे मागे पडते. तेवढ्यात लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्रातला बिंदू, साधारण नऊ अंश सरकते. प्रसंगी लग्नराशीच बदलते. स्थानिक वेळेची ही दुरुस्ती उदाहरण सोडवून शिकवणारे पुस्तक घ्यावे.

विंशोत्तरी दशेची 120 वर्षे ग्रहांमध्ये कशी वाटली, अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांतले अंतर) कोणते घेतले, हेही त्यात स्पष्ट हवे.

गणित चोख, म्हणून भाकीत खरे असे मात्र नव्हे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांना कुंडल्यांवरून हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले ओळखायची होती. उत्तरे 46 टक्केच बरोबर आली. त्यामुळे प्रकाश घाटपांडे यांचे ‘ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी’ हे चिकित्सक पुस्तकही सोबत जरूर वाचावे.