कार्यप्रक्रिया प्रतिमानन

कार्यप्रक्रिया प्रतिमानन : एखाद्या संस्थेतील काम कोणत्या क्रमाने, कोणाकडून व कोणत्या नोंदींच्या आधारे पार पडते, हे ठराविक चिन्हांच्या आकृतीने दर्शविण्याची पद्धती. संस्थेचे व्यवहार व तिची संगणक प्रणाली यांत मेळ घालणे हा तिचा आजचा प्रमुख उद्देश होय.

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडणारे प्रक्रिया-तक्ते फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये पुढे मांडले. बीपीएमएन ही चिन्हप्रणाली २००४ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत वर्तुळ घटना, गोलसर कोपऱ्यांचा आयत कृती व कोनावर उभा चौकोन पर्यायी वाटा दर्शवितो. प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र पट्टा आखतात.

परळसारख्या रुग्णालयबहुल भागातील बाह्यरुग्ण विभागाचे उदाहरण घेता येईल. केसपेपर, तपासणी, रक्तचाचणी, अहवाल व औषधवाटप हे टप्पे आकृतीत मांडले असता रुग्णाचे नाव किती ठिकाणी पुन्हा लिहिले जाते व रांग कोठे तुंबते, हे स्पष्ट होते. हे न जाणता संगणक बसविल्यास कागदावरचा गोंधळ पडद्यावर येतो, इतकेच.

पूर्वी संपूर्ण आराखडा आधी पक्का करीत. तो तयार होईतो काम बदललेले असे. २००१ मध्ये सतरा संगणकतज्ञांनी जाहीर केलेल्या अॅजाइल तत्त्वांनुसार प्रक्रियेचा लहान भाग घेऊन त्याचे प्रतिमान करतात, तो वापरात आणतात आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या आक्षेपांनुसार सुधारतात.

या सहभागाचे महत्त्व परळ-लालबागच्या गिरणगावाने संगणकापूर्वीच अनुभवले होते. १९२० नंतरच्या दशकात मुंबईतील काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावे, कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू सांभाळाव्या, अशी त्यांची मांडणी होती. रोजगार व मजुरी यांवरील परिणामांबाबत कामगारांची संमती नव्हती. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. पुढे सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. कामाची आकृती बदलली, की माणसाचे श्रम, अधिकार व उपजीविकाही बदलते. म्हणून ज्याचे काम रेखाटले जाते, त्याचा रेखाटनातील वाटा हा सौजन्याचा भाग नसून पद्धतीचेच आवश्यक अंग ठरतो.