हळदीचा दर्शक कागद

हळदीचा दर्शक कागद म्हणजे आम्लारी ओळखण्यासाठी हळदीच्या लेपाने रंगवून वाळवलेला कागद होय. आम्ल किंवा आम्लारी यांच्या संपर्काने ज्या पदार्थाचा रंग बदलतो, त्यास दर्शक म्हणतात. लिटमस, जास्वंद आणि हळद हे नैसर्गिक दर्शक आहेत.

शास्त्रीय कारण

हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन या घटकामुळे असतो. फोगेल व पेलेतिए यांनी तो १८१५ मध्ये हळदीतून वेगळा केला. आम्लधर्मी व उदासीन द्रावणात कुर्क्युमिन पिवळे राहते. सामू साधारणतः ७.४ च्या वर जाऊ लागला की ते तांबूस होऊ लागते. आम्लारी कुर्क्युमिनच्या रेणूतील हायड्रोजन आयन काढून घेते, त्यामुळे रेणूने शोषलेला प्रकाश बदलतो. आम्ल मिसळल्यास मूळ पिवळा रंग परत येतो.

कृती

दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून लेप करावा. तो टीपकागदावर लावून कागद सावलीत वाळवावा व त्याच्या पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीवर एकेका द्रावणाचा थेंब टाकावा.

निरीक्षणे

* लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, ताक : पिवळा रंग कायम
* साधे पाणी : पिवळा रंग कायम
* खाण्याच्या सोड्याचे द्रावण : फिकट तांबूस
* साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी : तांबडा

मर्यादा

पट्टी पिवळीच राहिली म्हणून द्रावण आम्लधर्मी आहे असे ठरत नाही. ते उदासीनही असू शकते. आम्ल ओळखण्यासाठी साबणाच्या पाण्याने तांबडी केलेली पट्टी वापरावी. लिंबाच्या रसाने ती पुन्हा पिवळी होते. जास्वंदीच्या फुलांचा अर्क आम्लात गडद गुलाबी व आम्लारीत हिरवा होत असल्याने तो दोन्हींसाठी उपयोगी पडतो.

व्यवहारातील उदाहरणे

कपड्यावरील हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि साबण निघून गेल्यावर पुन्हा पिवळा दिसतो. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर परिसरासह झाडीपट्टीत पळस हा परिचित वृक्ष आहे. धुळवडीसाठी त्याच्या फुलांपासून काढलेला रंग चुन्याची निवळी घातल्यास अधिक गडद होतो.

हळदीपासून कुंकू तयार करण्याच्या पारंपरिक कृतीत लिंबाचा रस व टाकणखार वापरतात. तेथील लाल रंग मात्र वेगळ्या कारणाने येतो. टाकणखारातील बोरॉनशी कुर्क्युमिनचा संयोग होऊन नवे लाल संयुग बनते, म्हणून लिंबातील आम्ल असतानाही तो रंग टिकून राहतो.

दक्षता

चुना तीव्र आम्लारी असून तो डोळ्यात गेल्यास दृष्टीस कायमची इजा होऊ शकते. मुलांनी हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा. चुना डोळ्यात गेल्यास डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा व रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. उदासिनीकरणाच्या कल्पनेने डोळ्यात लिंबाचा रस किंवा अन्य आम्ल कदापि घालू नये.