'ऑनर्स'च्या यादीत नाव नाही. आता कॉलेज कोणते?

सहाव्या सत्राचा निकाल लागतो. गुणपत्रिकेवर ७.३ असा काहीतरी आकडा असतो आणि कॉलेजच्या फलकावर 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी निवडलेल्यांची यादी लागते. त्या यादीत आपल्या मुलीचे नाव नसते. त्या संध्याकाळी घरात काय बोलले जाते, हे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून आम्हाला बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. अब्बा म्हणतात, "तीन वर्षे झाली, पदवी मिळाली, आता पुरे." फुफी एखादे स्थळ सुचवते. अम्मी गप्प राहते, कारण हे 'ऑनर्स' म्हणजे नेमके काय, ते तिला कुणी समजावून सांगितलेलेच नसते. आणि मुलीने आपल्या मनाशी ठरवून टाकलेले असते की आपण शिकण्याच्या लायकीच्याच नाही.

एका यादीवरून पाच-पाच वर्षांचे निर्णय होत आहेत. म्हणून ही यादी म्हणजे काय, ते आधी पाहू.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर पदवी चार वर्षांची झाली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तीन वर्षांनी बाहेर पडून पदवी घेण्याचा रस्ता तसाच खुला आहे. चौथे वर्ष ज्याला हवे त्याने घ्यायचे. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी ही रचना २०२३-२४ मध्ये लागू केली आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून. म्हणजे पहिल्यांची पहिली तुकडी २०२६ च्या उन्हाळ्यात तीन वर्षे पुरी करते, दुसऱ्यांची २०२७ मध्ये. घरातल्या थोरल्या भावा-बहिणींना याचा अनुभव नाही आणि शेजारीही कुणाला नाही. गैरसमज पसरतात ते यामुळे.

चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत. एक साधी 'ऑनर्स', दुसरी 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. पहिलीसाठी ही अट नाही. आता फरक किती, तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात चार वर्षांची पदवी किमान १६० श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची आहे. रिसर्चवाली मुलगी त्यातले १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाने मिळवते, साधी ऑनर्सवाली तेवढेच १२ श्रेयांक जादा विषय शिकून मिळवते. एकशे साठमधले बारा! ज्या 'नाही'मुळे घरात दोन दिवस चूल थंड राहिली, त्याचे माप एवढेच आहे.

पण ते 'नाही' कशामुळे आले, हे विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. याची तीन कारणे असू शकतात आणि तिघांची उत्तरे वेगळी आहेत. गुण कमी पडले असतील, तर दुसऱ्या कॉलेजातही रिसर्चची वाट बंदच असणार, तिथे चकरा मारण्यात अर्थ नाही. गुण पुरेसे असून मार्गदर्शकांकडे जागा नसतील, तर त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात विचारता येते. श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा असतात, ते सोबत नेता येतात. मात्र तिथे जागा आहे का, हे अर्ज करण्याआधी विभागप्रमुखांना भेटून विचारावे.

तिसरे कारण आमच्या वाचकांच्या घरांना सर्वांत जास्त लागू पडते. ज्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक आहेत, तोच विभाग रिसर्चची ऑनर्स चालवू शकतो. आपल्या तालुक्याच्या कॉलेजांची स्थिती आपण जाणतो. जागा निवृत्तीने रिकाम्या होतात, भरल्या जात नाहीत, आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक वर्षानुवर्षे विभाग ओढतात. त्यांतले अनेकजण मनापासून शिकवतात, पण त्यांची गणती कायम प्राध्यापकांत होत नाही. अशा कॉलेजातून ८.४ सीजीपीएच्या मुलीलाही 'रिसर्च नाही' असेच उत्तर मिळेल. त्यात तिची उणीव कोणती?

आता पर्याय तोलायचे. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो: 'ऑनर्स' हा शब्द पदवीपत्रावर यावा, एवढ्यासाठी चौथे वर्ष घेऊ नये आणि तो शब्द मिळाला नाही म्हणून शिक्षण सोडू तर मुळीच नये.

वर्षांचा हिशेब करा. चार वर्षांची ऑनर्स केली, तर पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षाचे. तीन वर्षांनी पदवी घेतली, तर एम.ए. दोन वर्षांचे. दोन्ही मिळून पाचच. पुष्कळ पालकांना वाटते की ऑनर्समुळे एक वर्ष वाचते. ते वाचते फक्त तेव्हा, जेव्हा मुलगी चार वर्षांनंतर एम.ए. न करता थेट पीएच.डी.ला जाते. त्यासाठी चार वर्षांच्या पदवीत एकूण ७५ टक्के लागतात. उलट एम.ए.च्या वाटेने गेलेल्या मुलीला नेटसाठी ५५ टक्के पुरतात आणि ओबीसीसारख्या आरक्षित प्रवर्गात ५० टक्के. ज्या मुलीचे गुण ७२-७३ टक्क्यांवर अडकले आहेत, तिच्यासाठी संशोधनाचा सोपा दरवाजा कोणता, हे आकडेच सांगतात. प्राध्यापक व्हायचे असेल, तर एम.ए. आणि नेट किंवा सेट लागतेच.

शिवाय तीन अधिक दोन या वाटेत एक गोष्ट आहे, जी व्यवहारी घरांनी डोळ्यांआड करू नये. तीन वर्षांनी पदवी हातात पडते. पुढे अब्बांचे आखातातले काम सुटले, घरात आजारपण आले किंवा निकाह ठरला, तरी ती पदवी कुठे जात नाही. तिच्या जोरावर बी.एड.ची सीईटी देता येते, तीन वर्षांच्या एलएल.बी.ची देता येते, एमपीएससीला बसता येते. यांतल्या कशालाही चौथे वर्ष लागत नाही. याउलट चौथ्या वर्षानंतर एका वर्षाचे एम.ए. करायचे, तर ते आपल्या विषयात आणि आपल्या आवाक्यातल्या गावात कोण चालवते, हे आजच विचारून ठेवावे लागेल. चौथे वर्ष संपल्यावर विचारून उपयोग नाही.

तर चौथे वर्ष घ्यावे कुणी? ज्या मुलीचे कॉलेज चांगले आहे, घराजवळ आहे, विषयाला कायम प्राध्यापक आहेत आणि जिला परदेशात पुढे शिकायचे आहे. काही देशांत चार वर्षांची पदवीच प्रवेशाला मागतात. अशा मुलीने रिसर्च नाही मिळाले, तरी साधी ऑनर्स खुशाल करावी.

कॉलेज बदलण्याच्या प्रश्नावर थोडे थांबावे लागेल. समजा, मुलगी महाडची आहे. घरून जाता येण्यासारख्या कॉलेजात तिने इतिहासाची पदवी घेतली. एम.ए.साठी तिच्यापुढे मुंबई आहे, पुणे आहे, किंवा घरी राहून दूरशिक्षण. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला प्रश्न माहौलचा येतो. तिथे आपल्या मुली आहेत का, हिजाबावरून कुणी अडवणार नाही ना, वसतिगृह कसे आहे, मगरिबनंतर येणे-जाणे पडेल का? हे प्रश्न विचारणाऱ्यांना मागासलेले ठरवण्याची एक फॅशन आहे. आम्हाला ती मान्य नाही. आई-बापांनी हे विचारायलाच हवे. मुंबईत नागपाड्याचे महाराष्ट्र कॉलेज, पुण्यात आझम कॅम्पसचे आबेदा इनामदार महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरात मौलाना आझाद महाविद्यालय, अशा संस्थांकडे घरे वळतात ती याच भरवशावर.

मात्र माहौलच्या जोडीला आणखी चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या विषयाचे एम.ए. तिथे खरोखर चालते का? त्या विभागात कायम प्राध्यापक किती? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? आणि मागच्या दोन तुकड्यांतून किती मुलींनी नेट-सेट दिली? कॉलेजच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला गाठून विचारावे. ती दहा मिनिटांत सगळे सांगते. एखाद्या विद्यापीठाचा विभाग आपल्या ओळखीच्या संस्थेपेक्षा चांगला निघाला आणि जवळच राहण्याची चांगली सोय मिळाली, तर केवळ नाव अनोळखी आहे म्हणून तो सोडू नये. घरून निघणेच शक्य नसेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेतच. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाच्या पदवीला कमी लेखण्याचे कारण नाही, फक्त अभ्यासाची शिस्त घरानेच लावावी लागते. पाहुणे आले की पुस्तक मिटले, असे झाले तर दोन वर्षांचे एम.ए. चार वर्षांनीही हाती लागत नाही.

पैशाचा प्रश्न यात मिसळलेला आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. ज्या घरांनी त्या आधारावर पीएच.डी.चा विचार केला होता, त्यांना आता ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, हा मोठा आधार उरतो. २०२३ पासून ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. वयोमर्यादा ३० आहे, पण महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. लग्न आणि बाळंतपणानंतर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या आमच्या वाचक भगिनींनी ही सवलत लक्षात ठेवावी.

बी.एड. किंवा कायद्याकडे वळायचे असेल, तर राज्य सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय उपयोगी पडतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क त्यात पूर्ण माफ आहे. आता इथेच आपली घरे अडतात. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार या जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागितला जातो, आणि तो गोळा करण्यात महिने जातात. चुलत आजोबांचा दाखला, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा, कुठेतरी व्यवसायाचे नाव लिहिलेले सापडते. हे काम निकालानंतर सुरू करून चालत नाही. मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षात असतानाच जातप्रमाणपत्र, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर यांच्या मागे लागावे. ज्यांची जमात यादीत नाही, जसे कोकणातली पुष्कळ घरे, त्यांनी तहसीलदाराकडे ईडब्ल्यूएसचा अर्ज करावा. तुलनेने ते लवकर होते.

आणि रोजच्या प्रवासाचा खर्च काढताना विसरू नका, एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धेच तिकीट आहे. काही घरांत वसतिगृहापेक्षा रोजचे जाणे-येणे परवडते ते यामुळेच.

एवढा हिशेब झाला की घरात मशवरा करावा. कुरआनात एका सूरहचे नावच 'अश्-शूरा' आहे, हे आपण सगळेच जाणतो. पण आपल्या घरांतल्या मशवऱ्यात मामू असतात, मोठे अब्बा असतात, आखातातून फोनवर भाऊ असतो, आणि जिच्या शिक्षणाबद्दल बोलणे चालले आहे, ती आतून चहा आणून देते. तिला बसवून घ्या. कोणता विषय वाचताना तिला वेळेचे भान राहत नाही, हे तिच्याशिवाय त्या खोलीत कुणालाच माहीत नसते. इस्तिखाऱ्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. दोन रकअत नफिल आणि दुआ झाली की स्वप्न पडलेच पाहिजे, असे समजून काही मुली आठवडाभर अर्ज थांबवून ठेवतात. स्वप्न ही त्याची अट नाही, असे उलमा सांगतात. इस्तिखारा करावा आणि त्याच दिवशी अर्जही भरावा. अर्जाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

एक कागद तेवढा जपून ठेवा. तीन वर्षांनी बाहेर पडायचे ठरले, तर तसे कॉलेजला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी, आणि सगळे श्रेयांक बँकेत जमा झाले आहेत का, ते डिजिलॉकरवर पाहून घ्यावे. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्जही त्याच फेरीत द्यावा, म्हणजे प्रवेशाच्या ऐन गर्दीत खिडकीपुढे पुन्हा उभे राहावे लागणार नाही.

ज्या घरांतल्या मुली चौथ्या वर्षाला गेल्या आहेत, किंवा तीन वर्षांवर थांबून एम.ए., बी.एड. किंवा कायद्याकडे वळल्या आहेत, त्यांनी आपला विषय, गाव आणि वर्षभराचा खर्च आम्हाला जरूर कळवावा. नावे न देता तो मजकूर आम्ही पुढच्या अंकांत छापू.