पिल्लांच्या चोचीला काम द्या, नुकसान टाळा

वनराज, गिरीराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले हॅचरीतून आणायची, घरातल्या एका खोलीत बल्बच्या उबेवर महिना-सव्वा महिना वाढवायची आणि मग आठवडी बाजारात विकायची किंवा आपल्याच परसात सोडायची, हा छोटा व्यवसाय आता अनेक वस्त्यांत रुजला आहे. जागा थोडी लागते, भांडवल थोडे लागते आणि घर सोडून जावे लागत नाही. आमचा धंदा कापडाचा. परंतु यंत्रमागाला मंदी आली की आमच्या दुकानात येणाऱ्या कित्येक घरांचा खर्च या पिल्लांवर निघतो, हे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

पिल्लांच्या रोगांविषयी, लसींविषयी आता बरीच माहिती मिळते. रानीखेत आणि गंबोरोच्या लसी वेळेवर दिल्या जातात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ज्या नुकसानीवर लस नाही, तिच्याकडे लक्ष जात नाही. ते नुकसान म्हणजे पिल्लांनी एकमेकांना टोचणे. पहिल्या काही दिवसांत ती एकमेकांच्या पायाची बोटे टोचतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शेपटीची आणि पंखांची नवी पिसे फुटू लागली की तिथे चोच मारतात. एकदा रक्त दिसले की सारा कळप त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतो आणि सकाळी खोली उघडावी तर दोन-तीन पिल्ले मरून पडलेली असतात.

याचा हिशेब करून पाहावा. दर गावोगाव वेगळे असतात, म्हणून हे आकडे केवळ समजण्यासाठी घ्यावेत. समजा, ३५ रुपयांप्रमाणे १०० पिल्ले आणली, ३,५०० रुपये झाले. खाद्य ४,००० रुपयांचे लागले. तूस, वीज, लस मिळून ७०० रुपये. एकूण खर्च ८,२००. सर्व पिल्ले १०० रुपयांप्रमाणे विकली तर १०,००० येतात आणि १,८०० रुपये हाती राहतात. आता टोचून ५ मेली आणि १० पिल्लांची पाठ उघडी पडली असे धरा. बाजारातले गिऱ्हाईक पिल्लू उचलून आधी शेपटीकडे पाहते. आमच्या धंद्यात डागी थानाचे जे होते तेच इथे होते. ती १० पिल्ले ६० रुपयांना द्यावी लागली तर एकूण ९,१०० रुपये येतील आणि हाती राहतील ९००. म्हणजे महिन्याच्या मेहनतीचा निम्मा नफा पिल्लांच्या चोचीने खाल्ला.

मोठ्या अंडी फार्मवर यावर चोचीचे टोक कापण्याचा उपाय करतात. तिथे पक्षी जन्मभर पिंजऱ्यात असतो, त्याच्यापुढे तयार खाद्य येते. आपले पिल्लू मात्र उद्या परसात जाऊन किडे, गवताचे बी, सांडलेले दाणे वेचून पोट भरणार आहे. चोच हे त्याचे हत्यार आहे. ते बोथट करून त्याला बाहेर धाडणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. उपाय चोचीला काम देण्याचा आहे.

असे का, ते समजून घेतले पाहिजे. कोंबडीमागे फिरणारे पिल्लू उजाडल्यापासून मावळेपर्यंत माती उकरते, टोचते, काहीतरी शोधत असते. ही त्याची जन्मजात सवय आहे. ब्रूडरमध्ये त्याच्यासमोर भांडेभर खाद्य असते, थोड्या वेळात पोट भरते आणि उरलेला दिवस रिकामा जातो. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी हेच दाखवून दिले की, ज्या पिल्लांना उकरण्या-शोधण्यासाठी पुरेसे साहित्य मिळत नाही, ती एकमेकांची पिसे अधिक टोचतात.

परंतु त्याआधी घरची घडी तपासावी. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट उष्णता आणि पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी, हा नियम आहे. उष्णता जास्त झाली, बल्ब फार प्रखर असला, दाटी झाली किंवा खाद्यात प्रथिने वा मीठ कमी पडले, तर पिल्ले चिडून टोचणारच. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट आणि त्यानंतर एक चौरस फूट जागा हवी. हे बिघडलेले असेल तर खाली दिलेल्या कोणत्याही युक्तीने फरक पडणार नाही. स्टार्टर खाद्यही गोळीऐवजी भरड घ्यावे. ते खायला पिल्लाला जास्त वेळ लागतो आणि तेवढी चोच गुंतलेली राहते.

सुरुवात पायाखालून करावी. पहिले काही दिवस वर्तमानपत्र अंथरले तरी त्याखाली तुसाची दोन-तीन इंचांची गादी असावी आणि कागद वेळेवर काढावा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दुपारी मूठभर कणी किंवा बाजरी तुसावर फेकावी. मूठभरच, नाहीतर पिल्ले पोषक खाद्य सोडून कणीवर पोट भरतील. एका उथळ पाटीत कोरडी माती आणि चुलीची लाकडाची राख ठेवावी. पिल्ले त्यात लोळून अंग घासतात आणि बराच वेळ रमतात. दगडी कोळशाची राख वापरू नये. गादी ओली होऊ देऊ नये, ओलीत रक्ती हगवण बळावते.

हिरवा पाला हे सर्वांत स्वस्त काम. मेथी, शेपू, कोबीची बाहेरची पाने किंवा लसूणघास यांची जुडी बांधून पिल्लांच्या डोक्यापेक्षा किंचित वर टांगावी. जमिनीवर टाकलेला पाला पायदळी तुडवला जातो, टांगलेल्यासाठी मान उंच करून ओढावे लागते. संध्याकाळी कोमेजलेली जुडी काढून टाकावी. पाला सुरू केला की बरोबर जाड वाळू द्यावी, पचनास लागते. मुळासकट उपटलेला हरळीचा गड्डा उलटा ठेवला तर पिल्ले दिवसभर तो उकरत बसतात. फवारणी झालेल्या शेतातला गड्डा मात्र आणू नये.

आता आमच्या धंद्याजवळची एक गोष्ट. स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेत सन २००० च्या सुमारास पिल्लांपुढे निरनिराळ्या रंगांच्या दोऱ्या आणि मणी टांगून पाहिले गेले. पिल्लांनी पांढऱ्या आणि पिवळ्या दोरीला अधिक पसंती दिली, मण्यांच्या लकाकीने फारसा लाभ झाला नाही. पुढे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा दोरीच्या झुपक्यांमुळे पिसे टोचण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. आयुष्यभर गिऱ्हाइकाला रंग दाखवीत आलेल्या आम्हाला ही बातमी गमतीची वाटली! खर्च जवळजवळ काहीच नाही. पांढऱ्या प्लास्टिक सुतळीचे चार-पाच इंचांचे तुकडे घ्यावेत, टोकांना काडी लावून ती बंद करावीत आणि झुपका घट्ट बांधून टांगावा. यंत्रमागाच्या गावात मागावरचे सूत आणि काठाच्या चिंध्या फुकट मिळतात, पण त्या चुकूनही वापरू नयेत. बारीक धागा सुटून पायाच्या बोटांना किंवा जिभेला आवळतो, गिळला तर पोटात अडकतो. झुपका रोज पाहावा, सैल झाला की बदलावा.

आरसा, रंगीत चेंडू वगैरे ठेवण्याचा सल्लाही कोणी देतात. त्यावर पैसे घालण्याची गरज नाही. बांबूची काठी मात्र अवश्य ठेवावी. तिसऱ्या आठवड्यात जमिनीपासून तीन-चार इंचांवर आणि नंतर हळूहळू उंच. १९९९ च्या स्वीडनमधील एका अभ्यासात असे आढळले की, ज्या पक्ष्यांना चौथ्या आठवड्याच्या आत दांडीवर बसण्याची सोय मिळाली, त्यांनी मोठेपणी जमिनीवर अंडी कमी घातली आणि एकमेकांच्या मागच्या भागाला टोचण्याचे प्रकारही कमी झाले. परसात रात्री उंचावर बसण्याची सवय मांजर आणि मुंगसापासूनही वाचवते.

एखादे पिल्लू जखमी झालेच तर ताबडतोब वेगळे करावे आणि जखमेवर जेंशियन व्हायोलेट लावावे, जांभळ्या रंगाखाली लाल दिसत नाही. जखम भरेपर्यंत कळपात सोडू नये.

नव्या वस्तू लहानपणीच आणि एकेक करून द्याव्यात. महिन्याचे पिल्लू अनोळखी वस्तूला बिचकते आणि घाबरलेला कळप कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसे पूर्ण आली की चार-पाच दिवस आधीपासून दिवसा बल्ब बंद ठेवावा. मग कोरड्या दिवशी दुपार कलल्यावर पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीच्या आवारात सावलीला दोन तास ठेवावीत. दिवस मावळायला आला की ती आपोआप ओळखीच्या जागी परततात. घार आणि कावळा यांच्यासाठी वरून जाळी हवीच. आतली काठी, पाण्याचे भांडे, राखेची पाटी आणि टांगलेली जुडी तशीच्या तशी बाहेर न्यावी. पिल्ले विकायची असतील तर घेणाऱ्यालाही एवढे सांगून ठेवावे, म्हणजे पुढच्या बाजारी तो तक्रार घेऊन न येता आणखी पिल्ले मागायला येईल.