पायथनमध्ये एका ओळीत इफ-एल्स: कंस विसरू नका

प्रताप नगरात मुलांना पायथन शिकवताना मी डब्याच्या बिलाचं उदाहरण घेतो. बिल ५०० पेक्षा कमी असेल तर डिलिव्हरीचे ४० रुपये, नाहीतर फुकट. चार ओळींचं काम एका ओळीत होतं:

एकूण = बिल + (४० इफ बिल < ५०० एल्स ०)

(इफ, एल्स अन् आकडे इंग्रजीत टाईप करा, 'बिल', 'एकूण' ही नावं पायथन ३ मध्ये मराठीत चालतात!)

आधी उत्तर, मग अट, मग दुसरं उत्तर. ही सोय २००६ मध्ये पायथन २.५ सोबत आली.

आता कंस काढून ६०० चं बिल टाका. एकूण येतं ०! कारण पायथन बेरीज आधी धरतो: 'बिल + ४०' हे एक उत्तर, '०' हे दुसरं. एरर काही दिसत नाही, डबेवाल्या काकूंचे ६०० मात्र बुडतात.